त्रेचाळीसला आठ

मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी गाडीवाल्याला चालायला लावायचे. गाडी चढावर ओढत नाही, पिकअप घेत नाही, अशी तक्रार घेऊन कोणी आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोणत्या चढावर?" त्यानं चढ सांगितला की म्हणायचे, "जा मंग. पायी चढून ये. तुले दम कोठी लागला ते मले येऊन सांग." बहुतेकांना ती थट्टा वाटायची. काही जण तिथल्या तिथे शिवी हासडून पुढच्या गॅरेजात निघून जायचे. पण जो खरंच जाऊन यायचा, घाम पुसत सांगायचा की अमुक वळणापाशी छाती भरून आली, त्याच्याच गाडीखाली मिस्त्री शिरायचे.

मी जाऊन आलो होतो. दोन्ही बाजूंनी चढून आलो होतो. त्यामुळे त्यांचा माझ्यावर जीव बसला. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकताना कुणाला असं वाटू नये की मी त्यांना नीट ओळखत नव्हतो.

पांढरकवड्याच्या जुन्या रोडवर, कडुनिंबाखाली, त्यांचं टिनाचं गॅरेज होतं. नवा हायवे गावाबाहेरून गेल्यापासून त्या रोडवर वर्दळ उरली नव्हती. बोर्ड लावा म्हटलं तर म्हणायचे, "ज्याले बोर्ड पाहून या लागते त्याची गाडी मले नाही पाहिजे." साठीच्या आसपासचे असतील. अंगानं काटक, उजव्या कानानं ठार बहिरे. गाडीतला आवाज ऐकायचा तर सागाची एक गुळगुळीत काठी घ्यायचे, तिचं एक टोक ॲक्सलला टेकवायचे आणि दुसरं आपल्या दातांत धरायचे. पुढचे दोनच दात शिल्लक होते. डोळे मिटून, काठी चावत, ते गाडीखाली पडून राहायचे. मग काठी काढून म्हणायचे, "बेअरिंग रडून राह्यली." ते कधी चुकलेले मला आठवत नाही.

ते बंजाऱ्यांच्या तांड्यातले. घरच्यांशी गोरबोली, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी आणि गाडीशी हिंदी. "चल बेटी, शरमा मत," असं जाम झालेल्या नटाला समजवायचे. नट नाहीच ऐकला तर "याडी गं!" म्हणून आपल्या मेलेल्या आईला हाक मारायचे आणि हातोडी उचलायचे.

त्यांचं खरं काम एकच होतं. जीपच्या ॲक्सलच्या मधोमध जो गोल डबा असतो, त्यात दातांची दोन चाकं असतात. मोठं ते क्राऊन, त्याला फिरवणारं लहान ते पिनियन. गाडी धावणार की ओढणार हे या दोघांच्या दातांवर ठरतं. मिस्त्री ती जोडी बदलायचे. आमच्या भागात वनखात्याच्या, खाणीच्या, जंगलातल्या कामांवरच्या जुन्या जीपा खूप. त्यांच्या मालकांना वेग नको असायचा, जोर हवा असायचा. मिस्त्री भंगारातून जुन्या जीपांचे क्राऊन-पिनियन शोधून आणायचे आणि त्यावर छापलेला आकडा कधीही खरा मानायचे नाहीत. बोट तेलात बुडवून, डोळे मिटून, एकेक दात मोजायचे. "त्रेचाळीस," म्हणायचे. मग लहान चाकाचे, "आठ." त्रेचाळीसला आठ ही त्यांची सगळ्यात लाडकी जोडी. ती नातवाचं नाव घेतल्यासारखी उच्चारायचे.

दात एकमेकांवर बरोबर बसले का हे पाहायला ते कपड्यांची नीळ तेलात कालवून दातांना लावायचे आणि चाक फिरवायचे. निळीचा डाग दाताच्या नेमका मध्ये पडला पाहिजे. टोकाला पडला तर पातळ पत्र्या घालून, काढून, पुन्हा फिरवायचे. असं दहा-दहा वेळा. मनासारखं झालं की त्या निळ्या दातांवर कागद दाबून ठसा घ्यायचे आणि भिंतीवर डकवायचे. "ही गाडीची पत्रिका." सगळी भिंत अशा निळ्या ठशांनी भरली होती. त्यांची नखंही कायम निळीच.

एका ठेकेदाराच्या पोराची गोष्ट तेव्हा गावात सगळ्यांना माहीत होती. पोरानं नवी उघडी जीप घेतली, तिला हे मोठाले टायर लावले, आणि मग ती उठेना म्हणून मिस्त्रीकडे आला. मिस्त्रींनी त्यालाही चालायला लावलं. तो गेला नाही, मित्राला पाठवलं. मिस्त्रींना ते कळलं, तरी बापाच्या शब्दाखातर त्यांनी काम केलं. दोन्ही ॲक्सलला त्रेचाळीसला आठ. आठ दिवसांनी पोरगा परत. आता गाडी झटकन उठते, पण हायवेवर ऐंशीच्या पुढं जात नाही, नुसती ओरडते.

मिस्त्री म्हणाले, "मी पहिलेच सांगतलं होतं. इकडून घेतलं तं तिकडून द्या लागते."

"मंग पहिल्यासारखी करून द्या."

"लग्न लावून देतो मी. मोडून नाही देत."

त्यांनी ती गाडी पुन्हा उघडली नाही ती नाहीच. पोराच्या बापानं माणसं पाठवली, मिस्त्री चहा पीत बसून राहिले. चार लोकांत पोराला म्हणाले, "गाडीत खोट नाही. तूच लय जड आहे." हा तिखटपणा त्यांना पुढे फार महाग पडला. पण तो त्यांच्यात होता. त्यांना साधं कोणी म्हणू नये. ते मूर्ख माणसाला मूर्ख म्हणायचे, आणि मूर्ख नसलेल्यालाही अधूनमधून म्हणायचे.

मी तेव्हा एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची जीप चालवायचो. आठवड्यातले पाच दिवस डोंगरातली कोलामांची पोडं, म्हणजे त्यांच्या वस्त्या, हिंडायची. मी, एक सिस्टर आणि औषधांच्या पेट्या. कुणी देणगीदारानं संस्थेला मोठे टायर पाठवले. आमच्या साहेबांनी ते लगेच लावून घेतले. गाडी उंच दिसायला लागली, दगड टेकेनासा झाला, पण चढावर तिची छातीच भरेना. पेट्या उतरवून आम्ही दोघं मागून ढकलायचो.

मिस्त्री गाडीखालून निघाले आणि म्हणाले, "एकोणचाळीसला आठ आहे. चार दात कमी पडून राह्यले. पाय मोठे झाले, पावलं लांब झाली. लांब ढांगा टाकणारा चढावर अर्ध्यात बसते. बारक्या पावलाचा वर पोचते."

"मंग बदलून द्या."

"पुढचाही बदला लागन, मागचाही. एक बदलून चालत नाही." आणि मग त्यांनी मला ते सांगितलं जे ते प्रत्येकाला सांगायचे. त्यांचे पणजोबा लदेणीला जायचे, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवायचे. "पुढचा बैल अन् मागचा बैल एका दावणीत. दोघायचं पाऊल एक असलं तं माल पोचते. पुढच्यानं ओढलं अन् मागच्यानं अडवलं का कोणाचं तरी मोडते. तुही गाडी चार चाकांवर घेतली, म्हंजे चारही चाकांले जोर देल्ला, का दोन्ही ॲक्सल एका दावणीत येते. चार दातांचा फरक तिथी नाही चालत."

मागच्या ॲक्सलची जोडी चांगली मिळाली. ती त्यांनी तीन दिवस खपून बसवली. पुढच्यासाठी जी मिळाली तिच्या एका दातावर केसाएवढी चीर होती. मला तर ती दिसलीही नाही. त्यांनी माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. "लागते?" मी हो म्हटलं, खरं तर काही लागलं नव्हतं. त्यांनी ती जोडी बाजूला फेकली. दुसरी मिळेपर्यंत गाडी इथेच राहील म्हणाले.

पण संस्थेकडे पाहुणे येणार होते. साहेब स्वतः गॅरेजवर आले. पुण्याकडचे, बोलायला गोड.

"मिस्त्री, मागचं झालंय ना? मग गाडी चालते."

"चालते. पण चार चाकांवर नाही."

"नाही घेणार चार चाकांवर. तुम्हाला शब्द देतो."

मिस्त्रींनी साहेबांच्या शब्दाकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं. मग गाडीखाली गेले आणि पुढच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणारा लांब दांडा, ज्याला आम्ही जॉइंट म्हणतो, तो बोल्ट खोलून काढूनच टाकला. "आता कोणी चार चाकांची दांडी ओढली तरी काही बिघडत नाही. पुढचा बैल सोडून देल्ला मी." आणि मला म्हणाले, "तरी तू आण घे." डॅशबोर्डवर कळंबच्या चिंतामणीचा फोटो होता. मी त्याला हात लावून आण घेतली की पुढची जोडी बसेपर्यंत चार चाकांवर गाडी घेणार नाही.

पाहुणे आले. पोडाच्या अलीकडे काळ्या मातीचा पट्टा आहे, तिथे गाडी मागच्या चाकांवर नुसती घुमत राहिली. पाहुण्यांना चपला हातात घेऊन चिखलातून चालावं लागलं. साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "फोर बाय फोर आहे ना रे ही? की नुसती दाखवायला?" पाहुणे हसले. मला ते हसणं आजही ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडे गेलो. खोटंच म्हटलं, साहेबांनी जॉइंट स्टोअरला जमा करायला सांगितला आहे. त्यांनी तो पुसला, तेल लावलं, पोत्यात घालून सुतळीनं बांधला आणि माझ्या हातात दिला. काहीही विचारलं नाही.

पुढच्या खेपेला त्याच चिखलात अडकलो तेव्हा मी पोडाजवळ, गाडीखाली पाठीवर निजून, तो जॉइंट बसवला. दांडी ओढली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी बाहेर आली. सिस्टरनं टाळी वाजवली. मी मनात म्हटलं, मिस्त्री म्हातारे झाले. उगाच भिववतात. पुढे तीन-चार आठवडे मी तसाच गेलो आणि आलो. गाडीला काही झालं नाही. चिखलात चाकं सरकतात, फरक मातीत जिरून जातो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. किंवा कळत होतं आणि मी कळू देत नव्हतो.

पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. आम्ही पोडावर पोचून पेट्या उघडल्या तेवढ्यात चार माणसं एकाला उचलून घेऊन आली. लच्चू नाव त्याचं, तिशीतला. कपाशीत निंदताना परड डसली होती, म्हणजे घोणस. पाय सुजून काळा पडत चालला होता. या विषावरची सुई आमच्याकडे नव्हती, ती पांढरकवड्यालाच. सिस्टर म्हणाली, "आत्ताच्या आत्ता निघा."

गाडीत लच्चू, त्याचा थोरला भाऊ सोमा, सिस्टर आणि आणखी तिघं. सकाळचे अकरा वाजले असतील, ऊन चांगलं होतं. चिखल मी चार चाकांवर काढला. त्यानंतर खडकाचा चढ लागतो, जिथून पुढं डांबरी रोडकडे उतार आहे. तिथं दांडी सोडायला हवी होती. मी घाईत होतो, गाडीत माणसं भरलेली, चढ उभा. मी तशीच वर घातली. अर्ध्यावर गाडी जड झाली. कुणी मागून धरून ठेवावं तशी. मी दांडी काढायला गेलो, ती निघेना. दोन्ही हातांनी ओढली, निघेना. आणि खालून असा आवाज आला की सोमानं भावाला छातीशी धरलं. दोन्ही ॲक्सलला ताकद वाटून देणारी गिअरची पेटी फुटली होती. चारही चाकं जाम. तेल खडकावरून वाहत होतं.

मोबाईलला रेंज नव्हती. एकजण पळत जाऊन वाटेतल्या झोपडीतून बाज घेऊन आला. आम्ही लच्चूला बाजेवर घेऊन निघालो. मी पुढच्या डाव्या पायाला खांदा दिला होता. डांबरी रोड दिसायला लागला, त्यावरून जाणारा कापसाचा ट्रक दिसला, तेव्हा सिस्टर म्हणाली, "थांबा." मोहाच्या झाडाखाली बाज ठेवली. लच्चूच्या नाकातून रक्त येत होतं. मग ते यायचं थांबलं. सोमानं भावाच्या पायावरच्या माशा उडवल्या, आणि उडवतच राहिला.

चौकशी संस्थेच्या ऑफिसात झाली. साहेब आणि समितीतले दोघं. त्यांतला एक त्या जीपवाल्या पोराचा ठेकेदार बाप. आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "गाडी गॅरेजमधून आली तेव्हा अशीच होती ना? नीट आठवून ये उद्या." मी नीट आठवून आलो.

मिस्त्री धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. खुर्ची दिली तरी उभे राहिले.

"पुढचा जॉइंट मी काढून देल्ला होता," ते म्हणाले.

"मग तो गाडीला लागला कसा?"

"ते डायवरले विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "गाडी आली तवा जॉइंट लागलेलाच होता."

मी उजवीकडे उभा होतो, त्यांच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला. त्यांनी मान वळवली. "काय म्हणते तो?"

मला ते पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्यानं.

मिस्त्री साहेबांकडे वळले. म्हणाले, "बोल्ट पाहा. मी बोल्टाचं डोकं समोर ठेवतो, नट मागं. साऱ्या गाड्यायले तसंच. जॉइंट मी लावला असन तं डोके समोर असतीन. चला, मी दाखवतो." गाडी बाहेर आवारातच ताडपत्रीखाली होती. वीस पावलांवर. ठेकेदार म्हणाला, "गाडीले हात लावाचा नाही. चौकशी सुरू आहे." साहेब म्हणाले, "बोल्टनं आता काय होणार आहे, मिस्त्री?" कुणी उठलं नाही. मीही उठलो नाही, आणि माझे बोल्ट उलटे लागले होते हे मला माहीत होतं.

निघताना ते दारात थांबले. मला वाटलं, शिवी देतील. मी शिवीची वाट पाहत होतो, तिनं मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तुह्या हातात देल्ला होता ना रे मी? पोत्यात घालून?" आरोप करत नव्हते. खरंच विचारत होते. मी खाली पाहिलं.

अहवालात आलं की बाहेरच्या मिस्त्रीनं केलेल्या चुकीच्या फेरबदलामुळे गाडी निकामी झाली. तो कागद गावात फिरला. सरकारी गाड्या त्यांच्याकडे जायच्या बंद झाल्या, मग खाजगीही. आमची जीप भंगारात गेली, बोल्टांसकट.

आणि मग सोमा यायला लागला. दर बाजाराच्या दिवशी पोडावरून उतरायचा, गॅरेजसमोर रोडच्या पलीकडे उकिडवा बसायचा आणि मिस्त्रींकडे पाहत राहायचा. ना शिवी, ना शब्द. तास-दोन तास बसून उठून जायचा. मिस्त्रींनी पहिल्या वेळी त्याला पाणी नेऊन दिलं. त्यानं ते प्यायलं आणि तसाच बसून राहिला. चार-सहा बाजार असे झाले. मी त्या रोडनं जायचं टाळायचो, पण लोक सांगायचे. मग एका बाजाराच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं. हत्यारं तेवढी नेली. भिंतीवरच्या पत्रिका तशाच सोडून गेले. आता तिथे मोबाईल दुरुस्तीवाला बसतो. त्यानं आधी भिंतीला चुना मारून घेतला.

साहेब बदलून गेले. मी आता संस्थेच्या तिन्ही गाड्यांचा इनचार्ज आहे. कोणती गाडी कोणत्या गॅरेजात जाईल ते मी ठरवतो.

चार वर्षांनी कामानिमित्त वणीला गेलो होतो. कोळशाच्या टिपरांचं एक मोठं वर्कशॉप आहे तिथे. आत एक म्हातारा जमिनीवर बसून क्राऊनचे दात मोजत होता. नखं आता काळी होती. मोजून झाले, त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. झाले, पुन्हा. बाजूचे दोघं एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होते. मी समोर जाऊन बसलो. त्यांनी ओळखलं. "चहा घेशीन?" म्हणाले.

मला चहा पिणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "मिस्त्री, जॉइंट तुम्ही काढला होता. मीच बसवला."

त्यांनी डावा कान पुढे केला. मी पुन्हा म्हणालो.

"मी काढला होता?"

"हो."

"पोत्यात बांधून देल्ला होता?"

"हो. सुतळीनं बांधला होता."

"सुतळी," ते म्हणाले. "मले सुतळीच आठवे रे. मंग मी म्हणो, सुतळी दुसऱ्या कायची असन. डायवर कायले खोटं बोलन? तो तं चालून आलता. आपलंच डोकं गेलं असन. म्हातारपण आहे, काढाचा राह्यला असन." त्यांनी हातातलं क्राऊन खाली ठेवलं. "चार वर्षं मी ह्या हातावर शक घेऊन राह्यलो. आता तीन-तीन खेप मोजतो. पहिले एकदाच मोजो."

मग त्यांनी विचारलं, "गाडी फुटली तवा खडकावर होती का चिखलात?"

"खडकावर."

"दांडी निघाली नसन."

"नाही निघाली."

त्यांनी मान हलवली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, "त्याच्या भावाले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले सांगून काय फायदा? मी काय मेलो होतो? जाय. पहिले त्याले सांग. तो माह्या दारात बसे."

मी गेलो. गाडी पोडाबाहेर ठेवली. सोमा घरासमोर बांबूच्या काड्या तासत बसला होता. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. जॉइंट, आण, चिखल, चौकशी. त्यानं मला अर्ध्यात थांबवलं नाही, पण तासणंही थांबवलं नाही.

"माहीत आहे, डायवर भाऊ," तो म्हणाला. "तुमी गाडीखाली निजून ते लोखंड बसवलं तवा पोडातले पोरं तिथीच होते. त्यायनं घरी सांगतलं. मंग गाडी फुटल्यावर आमाले समजलं."

"मंग तुम्ही मिस्त्रीच्या दारात काहून बसत होते?"

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "त्यायले सांगाव म्हणून जाओ. का बाबा, तुही चुकी नाही. पण सांगतलं असतं तं ते हापिसात भांडाले गेले असते. हापिसानं म्हटलं असतं, पोडावाल्यायनं सांगतलं. मंग गाडी बंद केली असती. माह्यी माय मिरगीची गोळी खाते. अखीन दहा घरी औषध येते. गाडी एकच येते इथी." तो पुन्हा तासायला लागला. "म्हणून बसो. अन् उठून येओ. त्या बुढ्यानं मले पाणी देल्लं तवा लय वाईट वाटलं."

मी निघालो तेव्हा तो गाडीपर्यंत पोचवायला आला. काचेवर हात ठेवून म्हणाला, "आता तुमी सांगतलं म्हणून गाडी तं बंद नाही होणार ना?"

मी नाही म्हणालो.

त्या आठवड्यात मी ऑफिसात सगळं लिहून दिलं. नव्या साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, ती फाइल केव्हाच बंद झाली, गाडीही आता नाही, कशाला जुनं उकरता. कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. मला कुणी काढलं नाही. मी त्याचीही वाट पाहत होतो.

मग वणीला गेलो. मिस्त्री दोन टिपरांच्या मध्ये सावलीत बसून डबा खात होते. भाकर आणि मिरचीचा ठेचा. मी त्यांना सोमाचं सगळं सांगितलं. पोरांनी पाहिलं होतं ते, तो कशासाठी येऊन बसायचा ते, गाडी बंद होईल म्हणून गप्प राहिला ते, पाण्याचं ते. ऑफिसातलंही सांगितलं. ते घास चावायचे थांबले होते. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उरलेली भाकर त्यांनी परत डब्यात ठेवली, झाकण लावलं, दाबून लावलं.

"म्हणजे त्याले माहीत होतं," ते म्हणाले. "पोडातल्या पोरायले माहीत होतं. तुले तं माहीतच होतं. तुह्या साहेबालेही समजलं असन, त्याबिगर तो बोल्ट पाहाले नाही म्हणे?"

मी मान हलवली.

"ज्यानं जॉइंट काढला," ते म्हणाले, "त्यालेच तेवढं माहीत नव्हतं."